काजूचा कप्पा

दिवाळीत आमच्याकडे सुकामेव्याचे खोके येतात. मी जीएसटीचे रिटर्न भरते, चार-पाच छोट्या कारखान्यांचे हिशेब पाहते. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातली ही मंडळी धनत्रयोदशीच्या आसपास आठवणीने खोका धाडतात. खोका ठरलेला असतो. चार कप्पे, वर पारदर्शक झाकण, एकात खारे काजू, एकात बदाम, एकात पिस्ते, एकात बेदाणे. गेल्या दिवाळीत असे तीन आले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिला उघडला. भाऊबीजेला माझा भाऊ चांदवडहून आला, त्याच्यापुढे ठेवायला म्हणून खोके काढले तर तिन्हींतले काजूचे कप्पे रिकामे. कोपऱ्यात खारट भुकटी तेवढी उरलेली. बदाम जवळजवळ तसेच, पिस्ते अर्धे, आणि बेदाण्यांना कोणी बोटही लावलेलं नव्हतं. नाशिकच्या घरात बेदाणे बारमाही असतात, त्यांचं कोणाला अप्रूप नसतं.

मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "मम्मी, मी चार-पाच खाल्ले असतील. तू रात्री लॅपटॉपवर बसतेस तेव्हा खोका तुझ्याच बाजूला असतो." मला ते पटलं नाही. मी एवढे खाल्ले असते तर मला आठवलं नसतं का?

जानेवारीत वजन केलं तेव्हा वर्षभरात चार किलो वाढलेलं निघालं. जेवण वाढलेलं नव्हतं. रात्री दोन पोळ्या, भाजी, वरण, झालं. गोडाची मला फारशी आवड नाही. शेवटी कॉलेज रोडवरच्या एका आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेले. तीन दिवस तोंडात जाईल ते सगळं लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं. मी नेमाने लिहिलं. भाजीतलं तेलसुद्धा चमच्याने मोजून लिहिलं. संध्याकाळच्या रकान्यात तिन्ही दिवस एकच नोंद होती : "काजू, थोडे."

मॅडमनी "थोडे" या शब्दाभोवती पेनाने गोल केला. "किती ग्रॅम?" मला सांगता येईना. "बरं, किती नग?" तेही येईना.

"मग बरणीच काट्यावर ठेवा," त्या म्हणाल्या. "कमी करू नका, नेहमीसारखंच खा. संध्याकाळी कामाला बसताना बरणीचं वजन करा आणि झोपताना परत करा."

घरात केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा होता. पहिल्या संध्याकाळी काजूसकट बरणी ८४२ ग्रॅम भरली. रात्री साडेअकराला ७५५. म्हणजे ८७ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी ७९. तिसरा दिवस महिन्याच्या २० तारखेचा होता, ३-बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायची शेवटची मुदत, पोर्टल अडकत होतं, मी एकपर्यंत जागी होते. त्या रात्री ११२ ग्रॅम गेले. भाजलेल्या खाऱ्या काजूत १०० ग्रॅमला साधारण ५७५ उष्मांक असतात. पहिल्या दिवसाचे ८७ ग्रॅम म्हणजेच पाचशे उष्मांक, आमच्याकडच्या चार-साडेचार पोळ्यांएवढे. वर दोन पोळ्यांचं जेवण वेगळं, कारण काजू खाऊन माझी भूक कधी कमी झालेली नव्हती.

आकड्यापेक्षाही मला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. पहिले आठ-दहा काजू आठवत होते. त्यांचा खमंगपणा, मीठ, दाताखाली मोडतानाचा तो मऊ आवाज. पुढच्या तीस-पस्तिसांची चव मला आठवतच नव्हती. डोळे बिलांच्या रकान्यांवर आणि डावा हात बरणीत. एवढी महागाची वस्तू, आणि ती खाल्ल्याचं सुखही पदरात पडलं नव्हतं.

मला वाटलं होतं, मॅडम आता काजू बंद करायला सांगतील. त्यांनी तसं सांगितलं नाही. सुकामेव्यातली चरबी बहुतांश चांगल्या जातीची असते, सोबत प्रथिनं, मॅग्नेशियम असतं, दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास खायला काही हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. पण त्याच बोलण्यात त्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो माझ्या डोक्यात राहिला. "तुमच्या खोक्यातले बदाम का संपले नाहीत?"

त्याचं उत्तर शोधायला मी पाच संध्याकाळी घालवल्या. शास्त्राच्या दृष्टीने याला प्रयोग म्हणता येणार नाही. माणूस एकच, एका पदार्थाला एकच संध्याकाळ. पण मला माझाच हात कसा चालतो ते समजून घ्यायचं होतं. रोज एकाच वेळी, तशाच कामाला बसायचं, बाजूला भरपूर भरलेला वाडगा ठेवायचा, आणि उठताना वाडग्यात उरलेलं वजन करायचं. खारे काजू ८४ ग्रॅम गेले. सोललेले खारे शेंगदाणे ७६. साधे बदाम ३१. टरफलासकटचे पिस्ते, टरफलं वजा करून, २८. आणि भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, फोलपटं वजा करून, ३४.

शेंगा आणि खारे दाणे ही एकच वस्तू आहे. एका संध्याकाळी ७६, दुसऱ्या संध्याकाळी ३४. ते दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि मी बराच वेळ नुसती पाहत बसले.

शेंग खायची तर दोन्ही हात लागतात. अंगठ्याने शिवण दाबायची, ती फुटली की दाणे काढायचे, वरचं तांबडं साल चोळून फुंकायचं. मध्येच एखादा दाणा खवट निघतो, तोंड कडू होतं, की पाण्याचा घोट घ्यावा लागतो. हे सगळं होताना कीबोर्ड थांबतो. म्हणजे खाताना मी खातच असते. आणि समोर फोलपटांचा ढीग वाढत असतो, तो डोळ्यांना दिसतो. लहानपणी चांदवडला थंडीत आबा शेकोटीत शेंगा भाजायचे, आम्ही सगळी भावंडं गोल बसून खायचो. पण शेंगा खाऊन कोणाचं जेवण बुडालेलं मला आठवत नाही. तेच दाणे आईने सोलून कुटासाठी डब्यात भरले, की येता-जाता आमच्या मुठी त्या डब्यात असायच्या आणि ती ओरडायची.

पिस्त्याचंही तेच. पुढच्या भेटीत मी वही दाखवली तेव्हा मॅडमनी सांगितलं की अमेरिकेतल्या ईस्टर्न इलिनॉय विद्यापीठात २०११ साली नेमकं हेच तपासलं गेलं होतं. विद्यार्थ्यांना पिस्ते दिले, कधी सोललेले, कधी टरफलासकट. टरफलवाल्यांच्या पोटात ४१ टक्के कमी उष्मांक गेले, आणि समाधान मात्र दोघांचं सारखंच होतं. तिथल्याच दुसऱ्या पाहणीत रिकामी टरफलं काहींच्या टेबलावर तशीच राहू दिली आणि काहींची मधून मधून उचलून नेली. ज्यांच्यासमोर ढीग राहिला त्यांनी १८ टक्के कमी खाल्लं. मी ऐकलं आणि मला आमची स्वच्छतेची सवय आठवली. पिस्ते खाताना टरफलं मी लगेच कचऱ्यात टाकायचे. आता टाकत नाही. उठेपर्यंत ती समोर पांढऱ्या बशीत असतात.

खोक्यातल्या बदामाला टरफल नसूनही तो का थांबवतो, याचं कारण तो चावावा लागतो. १०० ग्रॅम बदामात १२ ग्रॅमच्या वर तंतू असतात, काजूत तीन-साडेतीन. वर बदामाचं साल जाड, गर कडक. दहा बदाम नीट चावून खाल्ले की जबडा दमतो, आणि पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला जी पंधरा-वीस मिनिटं लागतात ती तेवढ्यात निघून जातात. बदामाच्या पेशींच्या भिंती एवढ्या चिवट असतात की त्यातली सगळी चरबी आपल्या अंगी लागतच नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मोजलं, तर २८ ग्रॅम अख्ख्या बदामांचे पाकिटावरच्या हिशेबाने १७० उष्मांक होतात, शरीराला मिळाले सुमारे १२९.

काजूपाशी यातलं काहीच नाही. साल नाही, तंतू कमी, गर मऊ, दोन चावांत त्याचं लोणी होतं. टरफल तर आपण कधी पाहतच नाही. मी मात्र ते पाहिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही वेंगुर्ल्याला गेलो होतो, तिथे एका घरगुती काजू कारखान्यात थांबलो. वाफवलेल्या बिया पुढ्यात घेऊन बायका ओळीने बसल्या होत्या. एका हाताने बी पात्यात धरायची, पायाने पॅडल दाबायचं, दुसऱ्या हाताने दांडा ओढायचा, टरफल दुभंगलं की आतला गर अलगद काढायचा. एका वेळी एकच बी. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, म्हणून त्यांनी हातांना तेल चोळलेलं होतं, तरी बोटं काळी पडलेली होती. पुढे तो गर वाळवायचा आणि मग वरचं पातळ साल सुरीने सोलायचं. या तेलापायीच काजू बाजारात टरफलासकट येत नाही. मी रात्री डाव्या हाताने न बघता मूठभर उचलत होते, त्यातला एकेक नग कोणीतरी असा काढलेला होता. ते आठवलं त्या रात्री मी बरणी बंद करून ठेवली आणि काम संपेपर्यंत उघडली नाही.

तेवढ्याने सवय मोडली असं मात्र झालं नाही. पहिला उपाय मी इंटरनेटवर सगळे सांगतात तोच केला. रविवारी बसून सात छोट्या डब्या घेतल्या, प्रत्येकीत ३० ग्रॅम भरले, सोमवार ते रविवार. पहिले दोन दिवस छान गेले. फेब्रुवारीच्या ११ तारखेला, जीएसटीआर-१ या दुसऱ्या रिटर्नच्या मुदतीच्या रात्री, मी बुधवारची डबी संपवली, मग गुरुवारची, मग शुक्रवारची. डब्या एकाच ड्रॉवरमध्ये होत्या आणि ड्रॉवर माझ्या गुडघ्याशी होता. सात डब्या भरून जवळ ठेवणं आणि बरणी जवळ ठेवणं यात फरक एवढाच होता की झाकणं जास्त उघडावी लागली.

खरा उपाय माझ्या घरातच होता, आणि तो सासूबाई गेली वीस वर्षं करत आल्या आहेत. रात्री झोपायच्या आधी त्या वाटीत बदाम भिजत घालतात. माणशी पाच, चौघांचे वीस. सकाळी सोलून प्रत्येकाच्या बशीत ठेवतात. आमच्या घरात कोणी सहावा बदाम मागितलेला मला आठवत नाही. कारण सहावा भिजवलेलाच नसतो. पुन्हा हवा तर उद्या सकाळपर्यंत थांबायचं. किती खायचं हे आदल्या रात्री, भूक नसताना, शांत डोक्याने ठरलेलं असतं.

मी त्यांना म्हटलं, "आई, माझे काजू पण तुम्हीच काढून द्याल का?"

"अगं, देते की. पण बरणी मग माझ्या खोलीत राहील," त्या म्हणाल्या. "मागायला यायचं नाहीस."

तेव्हापासून बरणी त्यांच्या कपाटात, देवाच्या पोथ्यांच्या खालच्या खणात आहे. सकाळी बदामाच्या वेळीच माझे काजूही बशीत येतात. रात्री अकराला त्या झोपलेल्या असताना त्यांचं कपाट उघडायला माझा हात धजत नाही. ज्यांच्या घरी असं कोणी नसेल त्यांनी बरणी माळ्यावर ठेवावी, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. आणि एका वेळी पाव किलोच आणावेत. घरात जेवढा साठा असतो त्या मानाने मूठ भरली जाते, हे मी वहीत पाहिलेलं आहे. बरणी काठोकाठ असताना माझे आकडे नेहमी मोठे होते.

दुसरा बदल मिठाचा. रविवार कारंजाजवळ मी ज्या दुकानातून सुकामेवा घेते, तिथल्या काकांना म्हटलं, आता खारे नकोत, साधे द्या. त्यांनी विचारलं, "ताई, दोनशे चाळीस देऊ की तीनशे वीस?" इतकी वर्षं मी हे आकडे म्हणजे भाव समजत होते. ते नगांचे आकडे आहेत. एका पाउंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती काजू बसतात ते. २४० नंबरचे २२० ते २४० बसतात, ३२० चे ३०० ते ३२०. म्हणजे आकडा मोठा तेवढा काजू लहान. काकांनी दोन्ही माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला. ३० ग्रॅमला मोठे पंधरा येतात, लहान वीस. मी लहान घेतले. वजन तेवढंच, पण पाच नग जास्त तोंडात जातात, आणि माझ्यासाठी ते महत्त्वाचं आहे. पाकळी घेऊ नका, असं मी अनुभवाने सांगेन. स्वस्त पडते खरी, पण तुकडे मोजता येत नाहीत आणि चिमटीत एकदम पाच-सहा येतात.

साधे काजू घरी मंद आचेवर तव्यावर कोरडेच परतते. खमंग होतात. बिनमिठाचा काजू आधी बेचव वाटला, आठ-दहा दिवसांनी त्याची स्वतःची गोडी कळायला लागली. खाऱ्या काजूत तेल-मीठ बोटांना चिकटतं, बोटं चाटली की हात परत बरणीत जातो, ते आपोआप बंद झालं. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

आणि काजू आता मी पाच वाजता चहासोबत खाते, बाल्कनीत, लॅपटॉप आत ठेवून. रात्री कामाला बसताना काही हवंच असेल तर टरफलासकटचे पिस्ते, पन्नास-पंचावन्न ग्रॅम, टरफल गेलं की निम्मा गर उरतो. त्या दिवशी काजू निम्मे. दोन्ही पूर्ण असा हिशेब मी एकदा लावून पाहिला आणि वजन महिनाभर हललं नाही.

चिवड्याचं अजून जमलेलं नाही. नाशिकचा चिवडा घरात असतोच, पाहुण्यांना कांदा-कैरी घालून दिला जातो, आणि डबा उघडला की माझी बोटं पोहे बाजूला सारून तळलेले दाणे आणि काजू वेचतात. वाटीत काढून घेतला तर ठीक राहतं, डबा हातात असला की राहत नाही. लग्नाघरी टेबलावर ठेवलेल्या खाऱ्या दाण्यांच्या वाट्या, तेही तसंच. तिथे मी वाटी उचलून शेजारच्या टेबलावर देते. लोक बघतात, बघू देत.

जूनपर्यंत अडीच किलो वजन उतरलं. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायलाही सुरुवात केली होती, त्यामुळे त्यातलं काजूंमुळे किती हे सांगता येणार नाही. वहीतले आकडे मात्र काजूंचेच आहेत. बहुतेक दिवस ३० ते ३५, मुदतीच्या रात्री क्वचित ५०. येत्या दिवाळीत खोके आले की ते उघडून त्याच दिवशी बरण्यांत भरायचे, असं आईंशी ठरलं आहे. बाजूला खोका घेऊन बसायचं नाही.

परवा आबांनी चांदवडहून भावाबरोबर ओल्या शेंगा पाठवल्या, मातीसकट, पिशवीभर. त्या दिवशी नेमकी २० तारीख होती. मी त्या चार पाण्यांनी धुतल्या, मीठ घालून कुकरला उकडल्या आणि पातेलंच टेबलाशी घेऊन बसले. शेंग फोडली की आतलं खारं पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळतं. त्या हाताने कीबोर्डला शिवता येत नाही. दर वेळी नॅपकिनला हात पुसायचे, दोन बिलं टाकायची, मग वाटलं तर पुढची शेंग. साडेदहाला रिटर्न गेलं. ताटात टरफलांचा ओला ढीग होता आणि पातेल्यात निम्म्याहून जास्त शेंगा शिल्लक होत्या. आई पाणी प्यायला उठल्या होत्या. "झाकून फ्रिजमध्ये ठेव," त्या म्हणाल्या, "सकाळी डब्यात देते."